शेगडीआधी डबा बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी कॅम्पिंगच्या तयारीवर लेख आला होता. तंबू, स्लीपिंग बॅग, बूट, डोक्याला लावायची बॅटरी यांवर त्यात चांगली माहिती होती. स्वयंपाकाबद्दल मात्र एकच वाक्य होते: सोबत एखादी छोटी गॅस शेगडी घ्यावी. कोणती घ्यावी, गॅस कोणता, तो कशात भरलेला असावा, याबद्दल अवाक्षर नाही. मी संगमनेरला एका गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो, आता निवृत्त आहे. घरोघरी जाऊन रेग्युलेटर, नळ्या, शेगड्या तपासणे यातच माझी नोकरी गेली. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे आमच्या जवळचे डोंगर, त्यामुळे तरुणपणापासून तिथे मुक्काम करत आलो आहे. त्या एका वाक्याच्या जागी काय यायला हवे होते ते सांगणे मला गरजेचे वाटते, म्हणून हे पत्र.

दुकानात गेलेला माणूस आधी बर्नर बघतो. ज्योत किती मोठी, वजन किती, घडी किती लहान होते, काडीशिवाय पेटते का. हे सगळे नंतर. आधी बघायचा तो गॅसचा डबा. शेगडी बिघडली तर फार तर उपाशी झोपावे लागेल. डबा चुकीचा निघाला तर जीव जाऊ शकतो.

बाजारात पत्र्याचे डबे मिळतात ते मुख्यतः दोन जातींचे. एक उंच आणि सडपातळ, डास मारायच्या फवाऱ्यासारखा दिसणारा, २२० ते २३० ग्रॅम गॅसचा, वर छोटी नळी असलेला. त्यात बहुधा निव्वळ ब्युटेन असतो. दुसरा बुटका, वरून गोलसर, तोंडाला आटे असलेला. हा १००, २३० किंवा ४५० ग्रॅमच्या आसपास मिळतो आणि त्यात ब्युटेन, आयसोब्युटेन आणि थोडा प्रोपेन यांचे मिश्रण असते. दोन्ही डबे एकदाच वापरायचे आहेत. ते पुन्हा भरू नयेत असे डब्यावर लिहिलेले असते, पण बारीक अक्षरात आणि परक्या भाषेत.

आणि तरीही ते सर्रास भरले जातात. घरगुती लाल सिलिंडरमधून या डब्यात गॅस उतरवून देणारे आज तालुक्याच्या गावातही बसले आहेत. त्यासाठी लागणारा पितळी जोड ऑनलाइन घरपोच मिळतो. नवा डबा महाग पडतो, भरलेला स्वस्त, एवढ्या हिशेबावर मुले तो घेतात आणि पाठीवरच्या पिशवीत घालून गड चढतात. यात नेमके काय चुकते ते मला नीट समजावून सांगायचे आहे, कारण 'धोकादायक आहे' एवढे सांगून कोणी ऐकत नाही.

घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. ४० अंश तापमानाला निव्वळ ब्युटेनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळपास चौपट असतो. त्याच तापमानाला प्रोपेनचा दाब तेरा पटींहून जास्त असतो. मिश्रणाचा दाब या दोहोंच्या मधे कुठेतरी, प्रोपेनच्या प्रमाणानुसार. लाल सिलिंडरचे पोलाद जाड असते ते या दाबासाठी. पातळ पत्र्याचा उंच डबा बनवला आहे तो ब्युटेनच्या दाबाचा अंदाज धरून. त्यात घरगुती गॅस घातला की डबा वरून तोच दिसतो, आतला दाब मात्र वेगळाच होतो. आणि ४० अंश ही काही फार लांबची गोष्ट नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची डिकी हिवाळ्यातल्या दुपारीही तितकी तापते.

दुसरी गोष्ट भरण्याची. बॉटलिंग प्लांटमध्ये सिलिंडर वजनावर भरतात, १४.२ किलो म्हणजे १४.२ किलो, आणि आत ठरावीक मोकळी जागा ठेवतात. द्रवरूप गॅस उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, त्याला फुगायला जागा लागते. गल्लीत हाताने भरणारा काट्यावर वजन करत नाही. डबा काठोकाठ भरला गेला तर पुढच्या उन्हात आतला द्रव जागा मागतो आणि पत्रा फाटतो. तिसरी गोष्ट तोंडातल्या रबराची. ते रबर एका डब्याच्या आयुष्यापुरते असते. पुन्हा पुन्हा दाबले गेले की ते बसत नाही आणि गॅस हळूहळू झिरपत राहतो.

मागच्या हिवाळ्यात एका शहरातल्या साहित्याच्या दुकानात मला असा डबा 'नवीन' म्हणून देण्यात आला. टोपण होते, पण ते सैल होते, आणि तोंडाच्या कडेला रंग खरवडलेला होता. एजन्सीत सिलिंडर देताना आम्ही झडपेत थोडे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहायचो. तेच मी तिथे केले. बाटलीतले पाणी तोंडावर सोडले आणि बुडबुडे येऊ लागले. दुकानदाराने लगेच दुसरा डबा पुढे केला. तोही तसाच निघाला. काउंटरवर माझ्या शेजारी कॉलेजची मुले उभी होती, त्यांच्या पिशवीत असे डबे आधीच गेले होते. मी त्यांना ते परत करायला लावले. ही पाण्याची तपासणी कोणालाही करता येते, तिला मेकॅनिक लागत नाही. वजन करूनही फसवणूक कळते. डब्यावर गॅसचे निव्वळ वजन छापलेले असते. एक अस्सल डबा नवा असताना आणि संपल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच कंपनीचा 'नवा' डबा त्याहून जड भरला तर तो कोणीतरी भरलेला आहे.

घरगुती सिलिंडरमधून दुसऱ्या भांड्यात गॅस काढणे कायद्याने गुन्हा आहे, हेही लोकांना माहीत नसते. दाबाखालचे वायू आणि स्फोटके यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. महाराष्ट्रात तरी हा धंदा उघड चालू नये असे मला मनापासून वाटते.

आता तिसरा प्रकार, ज्याला बाजारात 'पिकनिक गॅस' म्हणतात. दोन-तीन किलोचे टोपण नसलेले सिलिंडर, त्याच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला. खोली करून राहणारे विद्यार्थी तो वापरतात आणि सुटीत तोच घेऊन धरणाच्या काठावर जातात. यातले बरेचसे कुठल्याही तेल कंपनीचे नसतात, त्यांची चाचणी कधी झाली याचा पत्ता नसतो आणि ते भरले जातात त्याच गल्लीतल्या जागी. गाडीने जाणारा मोठा गट असेल आणि पत्र्याच्या डब्याने भागणार नसेल, तर तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून रीतसर मिळतो. तो घ्यावा, त्याला कंपनीचा रेग्युलेटर आणि सुरक्षा नळी लावावी आणि शेगडी वेगळी ठेवावी. घेताना सिलिंडरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर आतून रंगवलेले अक्षर आणि आकडा वाचावा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने, आणि पुढचा आकडा वर्षाचा. त्या मुदतीपर्यंत त्याची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर हातात घेऊ नये. ही अक्षरे घरच्या सिलिंडरवरही असतात, आज संध्याकाळीच बघा.

डब्याचे ठरले की शेगडी निवडणे सोपे होते, कारण कुठे आणि किती जणांसाठी एवढेच उरते.

गाडी जिथपर्यंत जाते तिथेच मुक्काम असेल, भंडारदऱ्याचा किंवा पवनेचा काठ असेल, तर चपटी पेटीतली शेगडी चांगली. उंच डबा तिच्या शेजारच्या कप्प्यात आडवा बसतो. ती बुटकी असल्याने भांडे कलंडत नाही, पोहे-खिचडी घरच्यासारखी होते. पण दोन गोष्टी सांभाळाव्याच लागतात. डब्याच्या गळ्यावर एक खाच असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे. आत एक वाकडी नळी असते आणि खाच वर असली तरच तिचे तोंड वायूच्या बाजूला राहते. डबा उलटा बसला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि ज्योत एकदम उफाळते. दुसरे म्हणजे भांड्याचा आकार. भाकरीचा मोठा तवा किंवा पसरट कढई शेगडीच्या कडेबाहेर गेली, की तव्याखालची धग थेट डब्याच्या कप्प्यावर उतरते. दोन शेगड्या शेजारी ठेवून त्यांवर एकच मोठे पातेले चढवणारेही मी पाहिले आहेत. डबा फुटण्याची ही ठरलेली कारणे आहेत. ज्या शेगडीत दाब वाढल्यावर डबा आपोआप सुटतो किंवा गॅस बंद होतो अशी सोय आहे तीच घ्यावी, पण त्या सोयीच्या भरवशावर मोठा तवा ठेवू नये.

पाठीवर सामान घेऊन जायचे असेल तर आट्याचा डबा. त्यावर थेट बसणारी मुठीएवढी शेगडी मिळते, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. एक-दोन माणसांचा चहा, सूप, मॅगी यांसाठी उत्तम. पण डबा, त्यावर शेगडी, त्यावर भांडे असा मनोरा होतो. त्यावर पाच जणांच्या खिचडीचे पातेले ठेवणे म्हणजे उकळते अन्न कोणाच्या तरी पायावर घेणे. चार-पाच जणांच्या गटाला मी नेहमी नळीची शेगडी सुचवतो. तिचे पाय पसरट असतात, ती जमिनीला टेकून बसते आणि डबा हातभर लांब राहतो. वजन थोडे वाढते आणि पैसेही जास्त लागतात, पण आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकाला, म्हणजे फोडणी, परतणे, ढवळणे याला तीच झेपते. पाणी झटपट उकळण्यासाठी भांडे आणि बर्नर एकत्र जोडलेली शेगडी येते, तिच्यात पाणी खरोखर लवकर उकळते, पण पोहे करायला गेलात तर खाली लागतात.

नळीच्या शेगडीचा मोठा फायदा वाऱ्यात कळतो. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, कळसूबाई १६४६ मीटर. तिथल्या वाऱ्यात उघड्या ज्योतीची निम्मी धग उडून जाते. मग लोक पत्र्याचा आडोसा करतात. डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चहूबाजूंनी आडोसा केला तर आत डबाही तापतो, म्हणून तसे कधीही करू नये. तिला वाऱ्याच्या एकाच बाजूने आडोसा द्यावा आणि मधूनमधून डब्याला हात लावून बघावा. डबा गार लागला पाहिजे. कोमट लागला तर ज्योत बंद. नळीच्या शेगडीला मात्र बर्नरभोवती पूर्ण आडोसा चालतो, कारण डबा त्याच्या बाहेर असतो.

गॅस किती न्यावा याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून कोणी गरजेपेक्षा तिप्पट नेतात. साधा हिशेब सांगतो. वारा नसताना, झाकण ठेवून, एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात पंधरा लिटर पाणी उकळेल. मोठ्या बर्नरची ज्योत पूर्ण सोडली तर तोच डबा तासाभरात संपतो. चार जणांचा संध्याकाळचा चहा, मुगाची खिचडी, सकाळचा चहा आणि पोहे एका डब्यात आरामात होतात. उंचावर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, हरिश्चंद्रगडावर साधारण ९५ अंशांना, म्हणून तूरडाळ शिजता शिजत नाही. मूगडाळ न्यावी आणि ती दुपारीच भिजत घालावी. गॅसही वाचतो.

थंडीचा प्रश्न आपल्या डोंगरांत बेताचा आहे. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला, वायू व्हायचे थांबतो. सह्याद्रीत इतकी थंडी क्वचित पडते, पण जळताना डबा स्वतःच गार होत जातो, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे ज्योत मंदावते. तेव्हा डबा तळहातात धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून ऊब द्यावी. शेकोटीजवळ ठेवून नव्हे. आपली मुले आता हिमालयातही जातात. तिथे निव्वळ ब्युटेन उपयोगाचा नाही. आयसोब्युटेन आणि प्रोपेनचे मिश्रण लागते, कारण आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. विमानात हे डबे सामानातही नेता येत नाहीत. ते मनाली, डेहराडून, लेह अशा ठिकाणी पोहोचल्यावर विकत घ्यावेत आणि तिथेही पाण्याची तपासणी करावी.

रेल्वेबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचे आहे. मुंबईहून रात्रीच्या लोकलने कसाऱ्याला उतरून पुढे कळसूबाई-रतनगडला येणारी मुले खूप आहेत आणि त्यांच्या पिशव्यांत हे डबे असतात. गाडीत गॅस नेणे हा रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षेचे सोडा. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत लखनौहून आलेल्या यात्रेकरूंचा रेल्वेचा डबा उभा असताना पेटला, आत लपवून आणलेला सिलिंडर होता, नऊ माणसे गेली. ती माणसे चहाच करत होती. गर्दीच्या लोकलमध्ये एक डबा गळाला आणि कोणी काडी ओढली तर काय होईल, याचा विचार डबा पिशवीत भरण्याआधी व्हावा. रेल्वेने येणाऱ्यांनी गॅस आणूच नये.

आणि खरे सांगायचे तर आमच्या भागात तो लागतही नाही. पाचनई, बारी, रतनवाडी या गावांत घरोघरी जेवण मिळते. आदल्या दिवशी फोन केला तर पिठले, भाकरी, ठेचा, गरम भात तयार असतो. त्या चार पैशांवर डोंगरातल्या घराचा हिवाळा निघतो. ज्या गडाच्या पायथ्याला जेवण मिळते तिथे शेगडी नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, दिवाळीनंतर गवत वाळलेले असते आणि गॅसची ज्योत हीसुद्धा आगच आहे. पेटवण्याआधी वनरक्षकाला किंवा गावातल्या वन समितीला विचारावे. परवानगी असली तरी जागा उघड्या कातळाची निवडावी आणि हाताशी पाणी ठेवावे.

तंबूत शेगडी पेटवू नये, हे वाचून लोक मान हलवतात आणि पाऊस आला की आत पेटवतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळाला तर वर निघून जात नाही, तळाशी साचतो. म्हणजे माणूस झोपतो नेमक्या त्याच उंचीवर. गुहेत, खड्ड्यात, गाडीतही हेच होते. आणि गळती नसली तरी बंद जागेत ज्योत अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. ऊब हवी म्हणून रात्रभर शेगडी आत ठेवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आणखी एक घोंगडी न्या. डबा बदलायचा तोही उघड्यावर, शेकोटी आणि विडी-सिगारेटपासून लांब. डबा जोडल्यावर सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आला तर डबा सोडवून रबराची कडी बघावी. काडी ओढून गळती तपासायची सवय अजूनही काही जाणत्या माणसांना आहे, ती मुलांसमोर तरी करू नये.

उरले रिकामे डबे. रतनगडाच्या वाटेवर आणि कोकणकड्याच्या झुडपांत ते सापडतात. 'रिकामा' डबा खरा रिकामा नसतो, तळाशी थोडा गॅस राहतोच. शेकोटीत टाकला तर तो फुटून पत्र्याचे तुकडे उडतात, आणि सकाळी त्याच राखेजवळ गुराखी पोरे येऊन बसतात. डबे खाली आणावेत, आणि ते विकणाऱ्या दुकानांनी परत घ्यावेत. परत आणणाऱ्याला पुढच्या डब्यावर दहा-वीस रुपये सोडले तर डोंगरही साफ राहतील आणि हेच रिकामे डबे गोळा करून पुन्हा भरणाऱ्यांच्या हाती जाणार नाहीत.

दुकानदारांकडे आणखी एक मागणी. प्रत्येक शेगडीसोबत मराठीत एक पान द्यावे, त्यावर खाच कुठे येते, भांडे किती मोठे चालते आणि डबा पुन्हा भरायचा नाही, एवढे मोठ्या अक्षरात छापलेले असावे. आपल्या वृत्तपत्राने तसे चौकटीचे चित्र एकदा छापले तर ते कापून पिशवीत ठेवणारे वाचक नक्की निघतील. चित्रासाठी शेगड्या, डबे, सिलिंडरची पट्टी हे सगळे दाखवायला मी आपल्या प्रतिनिधीला केव्हाही वेळ देईन. नाताळपासून ३१ डिसेंबरपर्यंत भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची गर्दी असते, त्याआधी हे पत्र छापावे ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गॅस मेकॅनिक, संगमनेर